सांगवीच्या सुनेचे निळे डाग

१

मी चादर बाजूला केली आणि मागून दिग्विजयचा मोबाइल वर आला.

स्वरूपाच्या बेंबीभोवती काळपट निळा डाग पसरला होता. दोन्ही कुशींवरही तसेच डाग होते, बरगड्यांच्या खाली, पंजाएवढे. आणि तिचा सख्खा भाऊ आयसीयूच्या दारातून आत घुसून, गुंगीत पडलेल्या बहिणीच्या उघड्या पोटाचा व्हिडिओ काढत होता.

"बघा! लाथा घातल्यात हरामखोरांनी!" तो मोबाइलला सांगत होता. "सांगवीच्या लोकांनी माझ्या ताईला मारलंय!"

मी चादर ओढून घेतली, त्याला बाहेर काढायला लावलं. पण दुपारपर्यंत तो व्हिडिओ वालचंदनगरपासून सांगवीपर्यंत फिरला. आमच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता दोन माणसं तो मोठा करून बघत होती. एकजण म्हणाला, "चेहरा नीट दिसत न्हाय राव." चहा तसाच ठेवून मी उठले.

मी सुप्रिया खलाटे. बारामतीतल्या एका रुग्णालयात तातडीच्या विभागाची डॉक्टर. रक्त, ओकारी, पू यांची किळस मला येत नाही. त्या आठवड्यात जी आली, ती माणसांची.

फौजदार संदेश कोकरे तक्रार घेऊन माझ्या खोलीत आले. तक्रारीत स्वरूपाचं माहेरचं नाव होतं, नकोशी. मुलींवर मुली झाल्या म्हणून बापानं ठेवलेलं. तिच्या पाठीवर अखेर झालेला मुलगा म्हणजे हा दिग्विजय. त्याचं म्हणणं असं, की ताई शनिवारी माहेरी आली आणि रविवारी तिनं स्वतः पदर सारून त्याला हे वळ दाखवले. नवरा आणि सासू मारतात म्हणाली. पोलिसांनी नवऱ्याला, यशराजला, सकाळीच उचललं होतं.

"मॅडम, मारहाणीच्या खुणा एवढं लिहून द्या," कोकरे म्हणाले. "पुढचं आम्ही बघतो."

मी पेन उचललं नाही. सोमवारी दुपारी स्वरूपाला आणलं तेव्हा ईसीजीच्या तारा मी लावल्या होत्या. पोट मी दाबून पाहिलं होतं. कुशीवर वळवून पाठीला स्टेथोस्कोप मी लावला होता. त्या अंगावर एक ओरखडाही नव्हता.

"कोकरे, रविवारी हे डाग नव्हते."

"असं कसं? भावानं पाहिलेत."

"सोमवारी मी पाहिलं. पोट स्वच्छ होतं."

कोकऱ्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "मग मॅडम, सोमवारपासून ही बाई तुमच्या ताब्यात आहे. तुमच्या आयसीयूत येऊन तिला मारलं कुणी?"

२

सोमवारचं सगळं मी पुन्हा आठवून काढलं.

स्वरूपाला जीपमधून आणलं होतं. श्वास खोल आणि भरभर, जीभ कोरडी, विचारलं की डोळे उघडायची आणि परत मिटायची. रक्तातली साखर मोजायच्या यंत्राला आकडा सांगता येत नव्हता, इतकी चढलेली. आधी कधी मधुमेह नव्हता. नव्यानं उफाळलेला मधुमेह म्हणून आम्ही सलाइन आणि इन्सुलिन सुरू केलं. पोट दुखतं का, विचारलं तर तिनं मान हलवून नाही म्हटलं. दाबलं तर कपाळावर आठीसुद्धा नाही.

यशराज दारात उभा होता. सांगवीला शेडनेटमध्ये काकडी आणि ढोबळी मिरची करणारा, हातांना फवारणीच्या औषधाचा वास असलेला अबोल माणूस. "सकाळीच माह्यारनं आली," तो म्हणाला. "मेव्हण्यानं गाडीनं सोडली. उतरली तीच डुलत व्हती. मला वाटलं गाडी लागली."

"पोटाची काही तक्रार?"

"न्हाय. पोटाचं काय बोलली न्हाय."

मग त्याची आई, लीलाबाई, पुढे आली. सुनेचा श्वास घरघरत होता आणि या बाईनं माझी बाही धरून कानात विचारलं, "म्याडम, पोटातला जीव बरा हाय न्हवं?"

"बघू," म्हणून मी तिला बाजूला केलं. दिवस गेल्याची तपासणी झाली, उत्तर नाही असं आलं, आणि धावपळीत ते तिला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी दिग्विजय आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला अष्टगंध. वालचंदनगरजवळच्या जंक्शन गावात त्याचं मेडिकल दुकान आहे. दारातच म्हणाला, "मॅडम, पोटाचं दुखणं थांबलं का ताईचं?"

"पोटाचं काही नाही. साखर वाढलीय."

"साखर होय?" त्याचा चेहरा सैल पडला. "मग ठीक."

मंगळवारी प्रयोगशाळेतला मुलगा फोनवर हसत होता. रक्ताची नळी खराब निघाली म्हणून त्यानं फेकून दिली होती. "मॅडम, रक्त पाठवलं होतं का दूध?" दुसऱ्या नळीतून त्यानं आकडे काढले. स्वादुपिंडाला सूज आली की वाढणारं एक द्रव्य असतं, तेही मी मागितलं होतं. ते व्यवस्थित आलं.

आता बुधवारी, कोकरे समोर बसलेले असताना, मी उठले आणि स्वरूपाच्या दंडातून स्वतः रक्त काढलं. नळी स्टँडला उभी करून ठेवली. थोड्या वेळानं लाल रक्त खाली बसलं आणि वर पांढरा, दाट, सायीसारखा थर धरला.

कोकऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. "हे काय आहे?"

"चरबी," मी म्हटलं. "आणि मला वाटतं, तिला कुणी मारलेलंच नाही."

३

स्वरूपाला आम्ही सीटीला नेलं. पडद्यावर पोटाच्या मागच्या भागात, जिथं स्वादुपिंड नीट पट्टीसारखं दिसायला हवं, तिथं फुगलेला, कडा विरघळलेला गोळा होता आणि त्याच्या भोवती पाणी.

"सोप्या भाषेत सांगा," कोकरे म्हणाले.

"अन्न पचवणारा रस स्वादुपिंडात तयार होतो. आतच फुटला तर तो माणसालाच पचवायला लागतो. मांस, चरबी, रक्तवाहिन्या. मागच्या बाजूला पाझरलेलं रक्त कुशींकडे येतं, बेंबीकडे येतं. वर दिसायला दोन-तीन दिवस लागतात. मार बसला तर सूज येते, एक बाजू जास्त असते, चपलेचा, काठीचा काहीतरी आकार असतो. हिच्या दोन्ही कुशी सारख्याच निळ्या आहेत आणि कातडी कुठं सुजलेली नाही. हे आतून आलंय."

"पण तुमची तपासणी तर व्यवस्थित आली होती."

"रक्तात एवढी चरबी असली की ती तपासणी फसते. यंत्राला खोटा आकडा मिळतो. चरबीमुळंच स्वादुपिंड सुजलं आणि चरबीनंच ते झाकलं."

कोकऱ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. प्रकरण मिटत होतं. "म्हणजे आजार. नवऱ्याला सोडतो आणि भावाला समज देतो."

मला मात्र हायसं वाटत नव्हतं. या आजाराची माणसं मी पाहिलीत. ती गुडघे छातीशी घेऊन लोळतात, पलंगाचे गज धरून ओरडतात. चांगली धट्टीकट्टी ऊसतोडीची माणसं आईच्या नावानं रडतात. आणि ही बाई पोट दाबलं तरी शांत होती. साखरेच्या गुंगीत दुखणं थोडं झाकलं जातं. इतकं नाही.

मी परत तिच्या पलंगाशी गेले आणि सिस्टरला सांगून तिला पूर्ण पालथी वळवायला लावलं. कमरेच्या खाली, कुल्ल्यावर, टोचल्यावर लावतात ती छोटी गोल पट्टी होती. घामानं मळून कातडीच्या रंगाची झालेली. तिच्या शेजारी आणखी एक टोचल्याची जुनी खूण.

आमच्याकडे तिला आल्यापासून सगळं हाताच्या शिरेतून दिलं होतं. कुल्ल्याला आम्ही सुई लावली नव्हती.

"कोकरे," मी म्हटलं, "तिला पोटात भयंकर दुखत होतं. आणि कुणीतरी, आम्हाला कळायच्या आधी, ते दुखणं मारून टाकलं."

४

सुई घरच्या कुणी दिली नसणार. सांगवीच्या त्या घरात म्हशीला टोचायलासुद्धा बाहेरून माणूस बोलवावा लागतो, हे कोकऱ्यांनी कोठडीतल्या यशराजकडून काढून घेतलं. पण माझा मोठा प्रश्न वेगळा होता. रक्तात एवढी चरबी आली कुठून?

स्वरूपाच्या कोपरांवर बारीक पिवळट दाणे होते. सासूला ते घामोळं वाटलं होतं. ते चरबीचे दाणे असतात. काही घराण्यांत रक्ताची ही खोड जन्मजात असते. पण गरोदरपणात ती चरबी आणखी चढते, आणि स्वरूपाची दोन बाळंतपणं सुखरूप झाली होती. जे दोन वेळा झालं नाही ते आताच व्हायला काहीतरी नवीन तिच्या पोटात गेलं असलं पाहिजे.

बाहेर बाकावर लीलाबाई बसली होती. शेजारी स्वरूपाची धाकटी मुलगी, छकुली, बिस्किटाचा पुडा मांडीवर धरून झोपली होती.

"मावशी, सुनेला दिवस गेलेत असं तुम्हाला का वाटलं?"

"पाळी चुकलीया की. दोन म्हैनं झालं." ती हसली. मुलगा कोठडीत, सून आत तशी, आणि ती हसली. "या टायमाला पोरगाच हाय."

"तिला औषध काय देताय?"

हसू गेलं. "औशद कसलं? काय न्हाय."

"मावशी, यशराज कोठडीत आहे."

"त्यो यील सुटून. त्यानं काय केलंय?" तिनं पदर तोंडाशी नेला. "बोललं की गुण जातो. बाहेर फुटू द्यायचं न्हाय म्हणून सांगितलंय."

मला पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं. ही बाई गप्प होती ती भीतीनं नाही. तोंड उघडलं तर पोटातला मुलगा मुलगी होईल म्हणून ती पोटच्या मुलाला कोठडीत बसू देत होती.

मी तिच्यासमोर बसले. "स्वरूपाच्या पोटात मूल नाही."

"आसं कसं? पाळी..."

"औषधानं थांबलीय. बायकांच्या हार्मोनच्या गोळ्यांनी पाळी थांबते, आणि ज्यांच्या रक्तात आधीच खोड असते त्यांची चरबी भडकते. तिला तेच झालंय. मूल नव्हतं आणि नाही."

लीलाबाईनं कमरेची चंची सोडून वर्तमानपत्राच्या पुड्या माझ्या हातावर ठेवल्या. आत पांढऱ्या गोळ्या, पाकिटातून काढून घेतलेल्या, वर हळदीसारखी भुकटी चोळलेली.

"रोज दुधातनं द्यायच्या. दिग्विजयनं दिल्यात," ती म्हणाली. "तिचाच भाऊ हाय. त्यो वाईट करंल व्हय?"

मी उठले. मागून तिनं विचारलं, "म्याडम, ही वाचली तर तिला परत राहील का? न्हायतर यशराजचं काहीतरी बघाया लागंल."

छकुली जागी झाली होती. आजीकडे बघत बिस्किट खात होती.

५

दिग्विजयला कोकऱ्यांनी माझ्या खोलीत बोलावलं. तो आला तो दहा-बारा माणसं घेऊन. त्यांना बाहेर थांबवलं.

"मॅडम, रिपोर्ट दिला का?" तो खुर्चीत रेलला. "जावई चांगला खडी फोडायला गेला पायजे."

"देते. आधी एक सांगा. सोमवारी संध्याकाळी आल्या आल्या तुम्ही मला काय विचारलंत?"

"काय विचारणार? बरी हाय का म्हणून."

"पोटाचं दुखणं थांबलं का, असं विचारलंत. तिच्या नवऱ्याला पोटाचं माहीत नव्हतं. सासूला नव्हतं. मला नव्हतं, मी पोट दाबलं तरी तिला कळत नव्हतं. मग दुखणं तुम्हाला कुठून माहीत?"

तो कोकऱ्यांकडे बघायला लागला.

"ते तुमच्या घरी सुरू झालं, दिग्विजय. रविवारी. सुई तुमच्याकडं आहे, औषध तुमच्याकडं आहे, टोचता तुम्हाला येतं. एकदा टोचलं, दुखणं परत उठलं, मग सकाळी परत. पट्टी अजून तिच्या अंगावर आहे. दवाखान्यात नेलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, औषध कुठलं चालू आहे. म्हणून तुम्ही तिला गाडीत घातलं आणि सासरी नेऊन सोडलं."

"काय बी बोलू नका."

"डागांचं सांगू? तुम्ही लिहून दिलंत रविवारी बघितले. रविवारी ते असूच शकत नाहीत, आजार सुरू होऊन दिवस जावे लागतात. तुम्ही ते आज पहिल्यांदा पाहिलेत, माझ्या मागे उभं राहून. आणि तिथल्या तिथं तुम्हाला वाट दिसली. बहिणीची काय अवस्था आहे ते दिसलं नाही. वाट दिसली. सगळं गाव मारहाण मारहाण करत बसलं की गोळ्यांचं कोण विचारतंय."

मी पुड्या टेबलावर ठेवल्या.

तो रडेल असं मला वाटलं होतं. निदान घाबरेल. त्यानं पुड्यांकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

"मी काय जबरदस्ती केली का? ताईनंच मागितल्या. तिला बी सासरी ऱ्हायचं होतं की. अख्खा तालुका नेतो माझ्याकडनं. कुणाकुणाला पोरगं झालंय, नावं सांगू?"

"निम्म्यांना होणारच," मी म्हटलं. "गोळी दिली तरी, नाही दिली तरी."

"आन् निम्मी दुसऱ्या खेपेला परत येत्यात," तो म्हणाला.

कोकरे खुर्चीतून पुढे झुकले. "अरे, पण बहीण मरत होती तुझी. समोर लोळत होती. सासरी का सोडलीस?"

दिग्विजय इतक्या साधेपणानं बोलला की मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

"मग काय माझ्या घरात मरू द्यायची होती? मेली असती तर सासरी मेली असती. लोकं सासरला इचारत्यात."

मी खिडकी उघडली. खाली ती दहा-बारा माणसं त्याच्यासाठी घोषणा द्यायची वाट बघत उभी होती.

६

दिग्विजयला नेलं, यशराज सुटून आला. मी त्याला पुड्यांबद्दल विचारलं. "आईचं काय चाललंय ते मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "बायकांचं असतं ते." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "दुधाचा पेला मीच न्हिऊन द्यायचो."

स्वरूपा वाचली. सोपं नव्हतं. इन्सुलिनची धार रात्रंदिवस चालली, रक्तातली चरबी हळूहळू उतरली, नळीतलं रक्त रक्तासारखं दिसायला लागलं. मधे फुफ्फुसात पाणी भरलं, ताप चढला. कुशींवरचे डाग निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे. एका दुपारी तिनं चमचाभर पाणी मागितलं आणि पाणी पोटात राहिलं. दोन दिवसांनी ती बोलायला लागली.

कोकरे जबाब घ्यायला आले. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले. सगळं मी तिला आधीच सांगितलं होतं. लोकांच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ती रडली नव्हती. फक्त व्हिडिओचं सांगितलं तेव्हा तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

"गोळ्या कुणी दिल्या?" कोकऱ्यांनी हळू आवाजात विचारलं.

"दिगूनं. मीच मागितल्या. तिसरी बी पोरगीच झाली असती तर मी कुठं जाणार व्हते?"

"दुखायला लागल्यावर?"

"लई दुखायलं व्हतं. मी दिगूचं पाय धरलं. म्हणलं, मला दवाखान्यात घाल." ती थांबून श्वास घेत होती. "त्यानं सुई दिली. म्हणला, ताई, आता झोप. सकाळी म्हणला, गाडीत बस. मला वाटलं दवाखान्यात चाललोय. सांगवीचा फाटा दिसला तवा मला कळलं."

"जबाबावर सही करशील? भावावर केस होईल."

"करती. आन् सासूनं दूध दिलं ते बी लिवा. नवऱ्यानं हातात आणून दिलं ते बी लिवा." तिनं माझ्याकडं पाहिलं. "म्याडम, पोरींना तेवढं हितं आणाया सांगा. मला त्यांच्याजवळ एकलीनं ऱ्हायचंय."

कोकऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. तिला उठता येत नव्हतं तर पुठ्ठा धरून सहीला आधार दिला, पाण्याचा पेला पुढं केला. एवढ्या दिवसांत एक माणूस तरी धड भेटला, असं माझ्या मनात आलं. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

बाहेर आल्यावर ते घुटमळले. कॉरिडॉरमध्ये कुणी नाही बघून त्यांनी आवाज खाली घेतला.

"मॅडम, एक विचारू? त्या गोळ्या हिला बाधल्या त्या हिच्या रक्ताच्या खोडीमुळं, बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे ज्या बाईच्या रक्तात तशी खोड नाही..." त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आधी तपासून घेतलं तर चालत असेल ना? नाही, आमच्या घरी दोन्ही मुलीच आहेत. आई मागं लागलीय."

जबाबाचे कागद त्यांच्या काखेत होते. मी ते काढून घेतले. आत जाऊन मी त्यांच्या वरिष्ठांना फोन लावला आणि या प्रकरणाला दुसरा अधिकारी द्या म्हणून सांगितलं.

"का?" वरिष्ठांनी विचारलं. "कोकरे चांगला माणूस आहे. त्यानं काय केलं?"

"अजून काही केलं नाही," मी म्हटलं. "पण तो गिऱ्हाईक निघाला."